मुलाआधी त्याचा मोबाईल बोलतो!

परवा संध्याकाळी आमच्या वस्तीतील अभ्यासिकेच्या दारात एक ताई थांबल्या होत्या. यजमान कंपनीत हंगामी कामगार, ताई स्वतः चार घरची धुणीभांडी करतात. थोरला मुलगा मोठ्या जिद्दीने इंजिनीअर झाला आणि आता पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेतील विद्यापीठांकडे अर्ज पाठवतो आहे. अशा घरातील आईच्या चेहऱ्यावर आनंद असायचा, तर तेथे काळजी दिसत होती.

"जयभीम दादा. एक विचारायचं होतं. याच्या मावसभावानं सांगितलंय, अमेरिकेची कॉलेजं म्हणे पोरांचं फेसबुक बघतात. सगळे फोटो काढून टाक, नाहीतर घेणार नाहीत. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीचे, दीक्षाभूमीचे, सगळेच. मग काढायचे का हो?"

प्रश्न साधा होता, परंतु मला त्याचे उत्तर चटकन देता आले नाही. "दोन दिवस थांबा, माहिती काढून सांगतो," असे म्हणून मी त्यांना निरोप दिला. जी माहिती हाती आली ती केवळ त्या ताईंच्या उपयोगाची नाही. आज आपल्या समाजातील मुले-मुली राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर आणि केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीवर साता समुद्रापार जात आहेत. आणि जी इथेच शिकत आहेत त्यांच्याही खिशात मोबाईल आहेच. म्हणून हा विषय आज सर्वच पालकांपुढे मांडत आहे.

दहा जणांचा प्रवेश गेला

गोष्ट २०१७ सालची आहे. अमेरिकेतील हार्वर्ड हे जगातील नामांकित विद्यापीठ. त्या वर्षी तेथे पदवीच्या प्रवेशासाठी ३९,५०६ अर्ज आले आणि २,०५६ जणांची निवड झाली. म्हणजे शंभरातून जेमतेम पाच! निवड झालेल्या मुलांपैकी काहींनी फेसबुकवर आपला एक खाजगी गट काढला. बाहेरचे कोणी पाहत नाही या समजुतीने त्यात चित्रे आणि विनोद टाकणे सुरू झाले. विनोद कसले? हिटलरने केलेल्या ज्यूंच्या कत्तलीवर, स्त्रियांवरील अत्याचारांवर, लहान मुलांच्या मृत्यूवर, मेक्सिकन वंशाच्या लोकांवर. हे विद्यापीठाच्या कानी गेले. प्रवेश कार्यालयाने संबंधित मुलांना पत्र पाठवून त्यांनी काय काय टाकले ते मागवले आणि निदान दहा जणांचे प्रवेश रद्द केले. हातात आलेले हार्वर्डचे दार एका घाणेरड्या विनोदापायी बंद झाले!

२०१९ साली याच विद्यापीठाने आणखी एका मुलाचा प्रवेश काढून घेतला. त्याच्या शाळेत २०१८ साली गोळीबार झाला होता आणि त्यातून वाचल्यामुळे तो देशभर माहीत झाला होता. परंतु सोळाव्या वर्षी त्याने मित्रांसोबतच्या लिखाणात कृष्णवर्णीयांबद्दल अत्यंत हीन शब्द वापरले होते. जुन्या वर्गसोबत्यांनी त्या मजकुराची छायाचित्रे बाहेर काढली. त्याने माफी मागितली, पण निर्णय बदलला नाही.

पुढच्याच वर्षी, मे २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला आणि सारी अमेरिका रस्त्यावर उतरली. त्या मृत्यूची थट्टा करणारा मजकूर टाकल्यामुळे मार्क्वेट विद्यापीठाने प्रवेश मिळालेल्या एका खेळाडू विद्यार्थिनीचा प्रवेश व शिष्यवृत्ती दोन्ही रद्द केले. त्या उन्हाळ्यात इतरही काही कॉलेजांनी अशीच पावले उचलली.

सगळीच कॉलेजे पाहतात का?

नाही. येथे आपण घाबरून न जाता आकडे पाहावेत. प्रवेश परीक्षांची शिकवणी घेणारी कॅप्लान ही अमेरिकन कंपनी प्रवेश अधिकाऱ्यांना वेळोवेळी हाच प्रश्न विचारत आली आहे. २००८ साली शंभरातील सुमारे दहा अधिकाऱ्यांनी आपण अर्जदाराचे खाते पाहिल्याचे सांगितले. २०१५ साली ही संख्या चाळीसवर गेली आणि २०१८ साली पुन्हा पंचवीसवर आली. मुले परक्या माणसाला दिसणार नाहीत अशा जागी बोलू लागली, हे त्याचे एक कारण सांगितले गेले. शिवाय हजारो अर्जांच्या ढिगात प्रत्येकाचे फोटो उघडून बसायला वेळ कोणाला आहे?

वरच्या घटना नीट पाहिल्या तर ध्यानात येईल की अधिकारी दुर्बीण लावून बसलेले नव्हते. बहुतेक वेळा सोबत्यांपैकीच कोणीतरी पडद्याचा फोटो काढून ठेवला आणि तो पुढे पोचवला. ज्याला आपण खाजगी म्हणतो ते मोबाईलवर खाजगी राहत नाही, हा त्यातला धडा आहे.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. तेथे कॉलेजला मुलाकडून पासवर्ड मागता येऊ नये म्हणून २०१२ साली डेलावेअर आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी कायदे केले. जे चव्हाट्यावर मांडले आहे ते कोणीही वाचावे, पण घराच्या कुलपाची किल्ली मागू नये, असा त्याचा अर्थ.

'चारित्र्य' या शब्दामागे काय दडले होते?

आपल्याकडे बारावीचे व सीईटीचे गुण आणि प्रवर्ग पाहून यादी लागते. मग अमेरिकेतील कॉलेज मुलाच्या वागण्याबोलण्यात कशाला डोकावते, असा प्रश्न पडेल. तेथे गुणांबरोबर मुलाने लिहिलेला निबंध, शिक्षकांची शिफारसपत्रे, त्याचे खेळ, त्याचे समाजकार्य हे सारे पाहिले जाते. 'चारित्र्य' हाही निवडीचा एक भाग असतो.

ऐकायला हे किती चांगले वाटते! परंतु या पद्धतीचा जन्म कसा झाला हे आपल्या वाचकांनी मुद्दाम समजून घ्यावे. १९२० च्या सुमारास हार्वर्डमध्ये ज्यू मुलांची संख्या वाढत होती. १९२२ साली ती एक पंचमांशाच्या वर गेली. ही मुले बहुधा स्थलांतरित, कष्टकरी घरांतील, आणि परीक्षेत पुढे. तेव्हाचे अध्यक्ष लोवेल यांना ते सलू लागले. ज्यूंच्या संख्येवर मर्यादा घालावी असे त्यांनी उघड सुचवले. त्यावर गदारोळ झाला आणि १९२३ साली प्राध्यापकांच्या समितीने ती सूचना फेटाळली. तेव्हा मागच्या दाराने वाट काढण्यात आली. १९२६ पासून निवडीत 'चारित्र्य' आणि व्यक्तिमत्त्व यांना वजन देण्यात आले, अर्जासोबत फोटो मागण्यात आला. अर्जातील प्रश्न तर १९२२ सालीच बदलले होते. वंश कोणता, धर्म कोणता, आईचे माहेरचे नाव काय, वडिलांचा जन्म कुठला, आणि जन्मापासून तुमच्या अथवा वडिलांच्या नावात काही बदल केला आहे काय!

वाचकहो, हा शेवटचा प्रश्न पुन्हा वाचा. नाव विचारून, आडनाव विचारून, गाव विचारून माणसाची पायरी ठरवण्याची रीत आपल्याला कोणी समजावून सांगायला हवी काय? 'चारित्र्य' हा शब्द पुढे केला गेला आणि त्याच्या आड एका जमातीच्या मुलांना बाहेर ठेवले गेले. ज्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर शिकायला गेले, तेथील पदवीच्या कॉलेजनेही पहिल्या महायुद्धानंतर अशाच युक्त्यांनी ज्यू मुलांची संख्या घटवली.

म्हणून मोबाईल पाहून मुलाची पारख करण्याच्या रीतीकडे आपण दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिले पाहिजे. दुसऱ्याच्या जातीची, वर्णाची, दुःखाची टवाळी करणाऱ्याला कॉलेजने दारातून परत पाठवले तर त्याबद्दल आपल्याला वाईट वाटण्याचे कारण नाही. वर्गात त्याच्या शेजारी बसणारा मुलगा आपलाच असू शकतो. पण पाहणाऱ्याच्या मनात आधीच अढी असेल तर? फोटोतील झेंडा, गळ्यातील ताईत, मागच्या भिंतीचे पोपडे, बोलीभाषा यांवरूनही तो मत बनवील आणि कारण मात्र कधीच सांगणार नाही. परीक्षेचे गुण कमी पडले तर कळते. नजरेत कमी पडलो हे कळत नाही. श्रीमंत घरची मुले पैसे देऊन सल्लागाराकडून आपली खाती साफसूफ करून घेतात. कष्टकऱ्याच्या मुलाला हे सांगणारेही कोणी नसते.

मित्राच्या लिखाणाची शिक्षा

परदेशी विद्यार्थ्याला तर दोन दारे ओलांडावी लागतात. पहिले कॉलेजचे, दुसरे व्हिसाचे. ऑगस्ट २०१९ मध्ये लेबनॉनमध्ये राहणारा सतरा वर्षांचा एक पॅलेस्टिनी निर्वासित मुलगा हार्वर्डला जाण्यासाठी बॉस्टनच्या विमानतळावर उतरला. अधिकाऱ्यांनी त्याला कित्येक तास थांबवून त्याचा फोन व लॅपटॉप तपासला. त्याने स्वतः राजकीय असे काही लिहिलेले नव्हते. त्याच्या मित्रांनी लिहिलेल्या मजकुराबद्दल त्याला जाब विचारण्यात आला, असे त्याने सांगितले. व्हिसा रद्द करून त्याला परत पाठवण्यात आले. बोभाटा झाला, विद्यापीठ आणि वकील धावले आणि वर्ग सुरू होण्याच्या वेळेपर्यंत तो कसाबसा पोचला. ज्याच्यामागे एवढे मोठे विद्यापीठ उभे राहत नाही, त्याचे काय होत असेल?

२०१९ पासूनच अमेरिकेच्या व्हिसा अर्जात मागील पाच वर्षांत वापरलेल्या समाजमाध्यमांवरील खात्यांची नावे द्यावी लागतात. १८ जून २०२५ रोजी अमेरिकन सरकारने आणखी एक पाऊल टाकले. विद्यार्थी व्हिसा मागणाऱ्यांनी आपली खाती सर्वांना दिसतील अशी उघडी ठेवावीत, ती तपासली जातील, असे जाहीर केले. २०२३-२४ या वर्षात अमेरिकेत शिकणारे भारतीय विद्यार्थी ३,३१,६०२ होते, कोणत्याही देशापेक्षा अधिक. तेव्हा हा नियम आपल्या दारापर्यंत आला आहे असे समजावे.

आपल्याकडची गोष्ट

दहावी-बारावीच्या पालकांनी मात्र उगाच धास्ती घेऊ नये. महाराष्ट्रात इंजिनीअरिंग, फार्मसी, वैद्यकीय यांसारखे प्रवेश गुण, प्रवर्ग आणि कागदपत्रे पाहून होतात. फेसबुक पाहून कोणाचा नंबर यादीतून काढत नाहीत. तुमची धावपळ जात प्रमाणपत्र, जात पडताळणी आणि उत्पन्नाचा दाखला यांसाठी असावी, ती वेळेत करा.

परंतु प्रवेश मिळाल्यावर काय? प्रवेशाच्या वेळी रॅगिंगविरोधी हमीपत्रावर मुलाची आणि पालकाची सही घेतली जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांत बोललेल्याबरोबर लिहिलेल्या शब्दांनी केलेला छळही येतो आणि शिक्षा कॉलेजातून काढून टाकण्यापर्यंत आहे. २०१६ साली त्यात भर घालून जात, धर्म, वर्ण, भाषा, प्रदेश यांवरून केलेला मानसिक छळ आणि वाळीत टाकणे हेही रॅगिंग ठरवले गेले. हा नियम आपल्या मुलाला संयम शिकवतो आणि तोच आपल्या मुलाचे रक्षणही करतो. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात कोणी जातीवरून टोमणे मारले तर रडत बसू नये, लगेच भांडूही नये. आधी पडद्याचा फोटो काढून ठेवावा, मग लेखी तक्रार करावी.

कॉलेजचा राग कधी नियमाच्या पुढेही धावतो. मे २०२५ मध्ये पुण्यातील एका इंजिनीअरिंगच्या विद्यार्थिनीने भारत-पाकिस्तान संघर्षाबद्दलचा दुसऱ्याचा मजकूर पुढे पाठवला. थोड्याच वेळात तो काढून टाकून तिने माफीही मागितली. तरी कॉलेजने तिचे म्हणणे न ऐकता तिला काढून टाकले आणि तिला अटकही झाली. ऐन परीक्षेचे दिवस! अखेर २७ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला, कॉलेजचा आदेश स्थगित केला आणि तिचा परीक्षेचा मार्ग मोकळा केला. कॉलेजने मुलाला एकदम काढले म्हणजे सारे संपले असे समजू नये. म्हणणे मांडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे आणि तो न देता केलेल्या कारवाईला आव्हान देता येते.

घरात एवढे कराच

आपल्या घरांत अनेकदा एकच चांगला मोबाईल असतो आणि तो तिघे भावंडे वापरतात. धाकट्याने रात्री पुढे ढकललेला घाणेरडा विनोद थोरल्या बहिणीच्या नावाने जातो आणि तो तिने पाठवला असेच जग समजते. तेव्हा ज्याचे खाते त्यानेच वापरावे, काम झाले की बंद करावे, ही शिस्त घरात लावा.

दुसरी गोष्ट, फॉर्म भरणाऱ्या नेट कॅफेची. मुलाचा ई-मेल तेथला माणूस उघडून देतो आणि पासवर्ड त्याच्याच वहीत राहतो. घरी आल्यावर पासवर्ड बदलावा. तो मित्रालाही सांगू नये.

मुलाला एकदा शेजारी बसवून त्याचे नाव गुगलवर शोधायला सांगा. परक्या माणसाला काय दिसते ते दोघांनी मिळून पाहा. आई-वडिलांना वाचता येत नसेल तर मुलाने मोठ्याने वाचून दाखवावे. जे आईसमोर वाचताना जीभ अडखळते ते काढून टाकण्यासारखे आहे असे खुशाल समजावे. शिव्या, मुलींबद्दलचे अश्लील बोलणे, दुसऱ्या धर्माची वा जातीची टवाळी, तलवारी-कोयते घेऊन काढलेले फोटो काढून टाका. ज्या गटात हेच चालते त्यातून बाहेर पडा, कारण गप्प बसलेल्याचे नावही यादीत असतेच.

परदेशी जाणाऱ्याने व्हिसाच्या अर्जात खाते लपवू नये, खोटे लिहू नये. माहिती दडवली तर व्हिसा नाकारला जाऊ शकतो आणि पुढचा व्हिसाही अडचणीत येतो, असे अमेरिकन दूतावासाने स्पष्ट सांगितले आहे.

आणि सगळे पुसून कोरी पाटी दाखवण्याची गरज नाही. अभ्यासिकेत लहान मुलांना शिकवताना, रक्तदान शिबिरात, कबड्डीच्या मैदानावर, कारखान्यात वडिलांच्या शेजारी उभा असलेला आपला मुलगा जगाला दिसू द्या. असे फोटो पाहून अर्जदाराबद्दल चांगले मत होते असे सांगणारे प्रवेश अधिकारीही आहेत.

ताईंना दिलेले उत्तर

तिसऱ्या दिवशी ताई मुलाला घेऊनच आल्या. आम्ही तिघांनी त्याचे खाते उघडले. तीन-चार जुने मजकूर सापडले. कॉलेजच्या पहिल्या वर्षी दुसऱ्या वर्गातील एका मुलीच्या रंगावर केलेली चेष्टा, क्रिकेटच्या सामन्यानंतर दिलेल्या शिव्या. मुलगा मान खाली घालून म्हणाला, "दादा, तेव्हा कळलं नाही." ते त्याने तेथेच काढले. त्या मुलीला माफीचा निरोप पाठवायचेही त्याने आपणहून ठरवले.

मग पडद्यावर चौदा एप्रिल आला. निळे झेंडे, ढोल, आणि गर्दीत ताईंना खांद्याला धरून उभा असलेला हा उंच मुलगा. पुढे दीक्षाभूमीचा फोटो. ताईंनी माझ्याकडे पाहिले.

मी त्यांना सांगितले, "ताई, या फोटोत कोणाचा अपमान नाही. तो पाहून कोणी तोंड फिरवील का? फिरवीलही, याची खात्री मी देऊ शकत नाही. पण अमेरिकेतच ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ साली आपल्या नियमात लिहिले की जातीवरून भेदभाव चालणार नाही. जानेवारी २०२२ मध्ये कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठाने आपल्या २३ कॉलेजांत तोच नियम केला. आपल्या मुलांनी तिकडे जाऊन, आपण कोण आहोत हे न लपवता सांगितले, तेव्हा हे घडले. फोटो ठेवायचा की काढायचा हे याने ठरवावे. पण भीतीपोटी काढू नये."

मुलाने क्षणभर विचार केला आणि मोबाईल आईच्या हातात दिला. "आई, हा राहू दे," तो म्हणाला. "निबंधात मी तुझ्याबद्दलच लिहिलंय. फोटो काढला तर निबंध खोटा ठरेल."

ताईंनी पदराने मोबाईलची काच पुसली आणि फोटो पुन्हा एकदा नीट पाहिला. अर्ज गेला आहे. उत्तर यायला अजून अवकाश आहे.